घरभराचे फोटो एका जागी: कोकणातल्या घरासाठी कामाचा क्रम

घरातले फोटो लावायला बसलेली बहुतेक मंडळी पहिलं काम करतात ते पुसण्याचं. मोबाइल भरतो, "स्टोरेज फुल" असं येतं, मग गॅलरी उघडून नको ते डिलीट करणं सुरू होतं. उरलेल्यांचे फोल्डर होतात आणि बॅकअप राहतो सवडीवर. हा क्रम नेमका उलटा आहे. अशा घाईत कॅमेऱ्यातला मूळ फोटो जातो आणि व्हॉट्सॲपवर फिरून आलेली त्याची बारीक प्रत राहते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून चूक कळते ती बऱ्याच वर्षांनी, फ्रेमसाठी मोठी प्रिंट काढायला गेल्यावर.

योग्य क्रम असा: गोळा करा, लगेच दुसरी प्रत करा, तारखा दुरुस्त करा, मग दुबार फोटो काढा, फोल्डर लावा, माणसांची नावं लिहा आणि शेवटी एक प्रत गावाबाहेर पाठवा. पुसण्याची पाळी चौथ्या टप्प्यावर येते, त्याआधी नाही.

## आधी वेळ ठरवा

हे काम एका बैठकीत होत नाही आणि वर्षातल्या कुठल्याही महिन्यात सारखं जमतही नाही. गोळा करायला सर्वांत चांगली वेळ गणपतीची किंवा शिमग्याची, कारण चाकरमानी घरी असतात आणि त्यांचे फोनही. "मुंबईला गेल्यावर पाठवतो" म्हटलेले फोटो क्वचितच येतात, आणि आले तरी व्हॉट्सॲपवर बारीक होऊन येतात.

लावण्याचं बैठं काम दिवाळीनंतर काढा. हवा कोरडी असते आणि वीजही पावसाळ्याइतकी जात नाही. प्रती तपासून बंद करण्याचं काम मे महिन्यातल्या आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीच्या, यादीत घाला. सुकी मासळी, मसाला, लाकूडफाटा भरून होतो त्याच आठवड्यात डिस्कही हवाबंद डब्यात गेली पाहिजे.

## तयारी

एक लॅपटॉप हवा. घरात डेस्कटॉप असेल तर त्याला यूपीएस, म्हणजे लाइट गेल्यावर थोडा वेळ कॉम्प्युटर चालू ठेवणारा बॅटरीचा डबा, हवाच. कॉपी चालू असताना लाइट गेली तर फाइल अर्धवट राहते आणि कधीकधी अख्ख्या डिस्कची मांडणी बिघडते. इन्व्हर्टरवर भरवसा ठेवणार असाल तर एकदा मेन स्विच बंद करून बघा. काही इन्व्हर्टर चालू व्हायला क्षणभर जास्त घेतात आणि तेवढ्यात डेस्कटॉप बंद पडतो.

बाहेरून जोडायच्या दोन हार्ड डिस्क घ्या. पेन ड्राइव्ह इकडून तिकडे न्यायला ठीक आहे, वर्षानुवर्षं जपून ठेवायला नाही. किती जागा लागेल याचा हिशोब सोपा आहे: एक फोटो सरासरी ४ एमबीचा धरला तर २०,००० फोटोंना ८० जीबी लागतात. खरी जागा खातात ते व्हिडिओ. पालखी नाचवतानाचे आणि आरतीचे लांब व्हिडिओ असतील तर एक टीबीपेक्षा लहान डिस्क घेऊ नका.

नवी डिस्क विंडोज आणि मॅक दोन्हीवर चालायला हवी असेल तर ती एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करा. जुन्या फॅट-३२ वर ४ जीबीहून मोठी फाइल बसतच नाही.

सावधान: फॉरमॅट केल्यावर डिस्कवरचं सगळं जातं. फक्त कोऱ्या डिस्कवर करा.

याशिवाय मेमरी कार्डसाठी कार्ड रीडर, एक वही आणि डेटा जाणारी केबल लागेल. चार्जिंगला चालणाऱ्या बऱ्याच केबलमधून डेटा जात नाही. फोन लॅपटॉपला दिसतच नसेल तर आधी केबल बदलून बघा, फोनच्या सेटिंगमध्ये नंतर शिरा.

## टप्पा १: गोळा करणे

लॅपटॉपवर "आवक" नावाचा एकच फोल्डर करा. त्यात प्रत्येक माणसाच्या प्रत्येक उपकरणाचा वेगळा फोल्डर: "मोठा काका – मोबाइल", "आत्या – जुना कॅमेरा", "दुबईचा मामा – मोबाइल". हे वेगळेपण तिसऱ्या टप्प्यात फार उपयोगी पडतं, म्हणून इथे सगळं एकत्र ओतू नका.

१. फोन केबलने जोडा आणि फोनच्या पडद्यावर "फाइल ट्रान्सफर" निवडा.

२. "डीसीआयएम" हा कॅमेऱ्याचा मुख्य फोल्डर घ्या. त्यानंतर व्हॉट्सॲप इमेजेस, व्हॉट्सॲप व्हिडिओ, डाउनलोड आणि ब्लूटूथ हे फोल्डर बघा. जुन्या फोनवर ब्लूटूथने घेतलेले लग्नाचे फोटो हमखास तिथे पडलेले असतात.

३. एका वेळी दोन-तीनशे फाइलच कॉपी करा. हजारो फाइल एकदम ओढल्या की फोनची जोडणी मध्येच तुटते आणि कुठवर आलं होतं ते कळत नाही.

४. नेहमी कॉपी करा, कट कधीच नको.

आयफोन असेल तर दोन गोष्टी बघायच्या. सेटिंगमध्ये फोटोज या भागात तळाशी मॅक किंवा पीसीला पाठवण्याचा पर्याय असतो, तिथे "कीप ओरिजिनल्स" ठेवा. आणि आयक्लाउडमध्ये "ऑप्टिमाइझ स्टोरेज" चालू असेल तर फोनवर मूळ फोटो नसून लहान प्रती असू शकतात. मूळ आयक्लाउडवरून उतरवून घ्यावे लागतात. अँड्रॉइडवर कुणी गूगल फोटोजचं "फ्री अप स्पेस" वापरलं असेल तर तेच: फोटो ॲपमध्ये दिसतो, पण फोनमध्ये नसतो. केबलने तो येणार नाही.

जे येऊ शकत नाहीत त्यांना फोटो व्हॉट्सॲपवर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायला सांगा. तसा पाठवलेला फोटो आकाराने कमी होत नाही आणि त्याच्या आतली तारीखही शाबूत राहते. गॅलरीतून नेहमीसारखा पाठवला तर दोन्ही जातं. "एचडी" निवडलं तरी थोडं आकुंचन होतंच.

तपासा: फोनवरच्या फोल्डरमध्ये किती फाइल आहेत आणि लॅपटॉपवर किती आल्या, हे आकडे जुळतात का? एकूण आकार जुळतो का? पहिला, शेवटचा आणि मधले चार-पाच फोटो उघडून बघा. जुळलं की वहीत त्या फोनपुढे खूण करा. फोनमधलं अजून काहीही पुसू नका, आणि पाहुण्यालाही तसं सांगा.

## टप्पा २: लगेच दुसरी प्रत

"आवक" फोल्डर जसाच्या तसा पहिल्या हार्ड डिस्कवर उतरवा. त्याचं नाव ठेवा "मूळ – हात लावू नये" आणि खरंच हात लावू नका. पुढचं सगळं काम लॅपटॉपवरच्या प्रतीवर करायचं. पुढे कुठेही चुकलात तरी परत यायला ही जागा असते.

लॅपटॉप चार्ज करून बॅटरीवर ठेवा आणि मग कॉपी लावा. मे अखेरीस आणि परतीच्या पावसात गडगडायला लागलं तर प्लग काढायचा, आणि ब्रॉडबँडची वायर राउटरला आली असेल तर तीही काढायची. वीज केवळ मीटरमधूनच घरात येते असं नाही.

डिस्क काढताना "सेफली रिमूव्ह" करूनच काढा. पडद्यावर कॉपी संपलेली दिसली तरी शेवटचा भाग लिहिला जायचा असू शकतो.

## टप्पा ३: तारखा दुरुस्त करणे

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि इथे नीट केलं तर पुढचं निम्मं काम आपोआप होतं. म्हणून घाई करू नका.

फोटोला दोन प्रकारच्या तारखा असतात. "डेट मॉडिफाइड" म्हणजे फाइल शेवटची कधी बदलली किंवा कुठे उतरली ती. "डेट टेकन" म्हणजे कॅमेऱ्याने फोटोच्या आत लिहिलेली, फोटो काढल्याची. फोनवरून कॉपी करताना पहिली तारीख पुष्कळदा आजची होऊन बसते. क्रम लावायचा तो नेहमी "डेट टेकन"वर.

या कामाला डिजिकॅम हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. पहिल्यांदा सुरू करताना ते विचारतं की माहिती फाइलमध्ये लिहायची की नाही. तिथे फाइलमध्ये लिहायला सांगा. नाहीतर केलेल्या दुरुस्त्या त्याच्या स्वतःच्या नोंदवहीत राहतात आणि डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली की दिसत नाहीत. याच कारणासाठी तारखा गूगल फोटोजमध्ये दुरुस्त करू नका. तिथून सगळं उतरवून घेताना ती दुरुस्ती फोटोच्या आत येत नाही, शेजारी वेगळ्या फाइलमध्ये येते.

व्हॉट्सॲपचे फोटो. अँड्रॉइडवर यांच्या नावात तारीख असते, "आयएमजी"नंतर २०२१०९१२ आणि मग "डब्ल्यूए" अशी. ही फोटो काढल्याची तारीख नव्हे, तो फोनवर आला किंवा तिथून गेला त्या दिवसाची आहे. चवथीचे फोटो विसर्जनानंतर चार दिवसांनी आले असतील तर तारीख चार दिवस पुढची दिसणार. आत "डेट टेकन" नसतेच, ती तुम्हाला भरावी लागते.

बंद पडलेल्या कॅमेऱ्याचे फोटो. जुन्या डिजिटल कॅमेऱ्याची बॅटरी पूर्ण उतरली की त्याचं घड्याळ मूळपदावर जातं. मग अख्खं लग्न १ जानेवारीचं दिसतं. एकेक फोटो दुरुस्त करत बसू नका. त्या संचातला एक फोटो असा शोधा ज्याची खरी वेळ तुम्हाला ठाऊक आहे, उदाहरणार्थ अक्षता पडतानाचा, कारण मुहूर्त पत्रिकेवर छापलेला असतो. दिसणारी वेळ आणि खरी वेळ यातला फरक काढा आणि डिजिकॅमच्या "ॲडजस्ट टाइम अँड डेट"मधून तेवढाच फरक त्या कॅमेऱ्याच्या संपूर्ण संचाला द्या. पहिल्या टप्प्यात प्रत्येक उपकरणाचा फोल्डर वेगळा ठेवला तो यासाठीच.

आखातातून आलेले कॅमेरे. फोन आपली वेळ इथे उतरल्यावर बदलतो, कॅमेरा बदलत नाही. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, कुवेत, कतार आणि सौदीचं अडीच तास मागे. दोन कॅमेऱ्यांचे फोटो एकत्र लावल्यावर वरमाला आधी आणि नवरदेवाचं आगमन नंतर असा घोळ दिसला तर बहुधा हेच कारण असतं.

काहीच माहिती नसलेले फोटो. इथे फोटोतच पुरावे शोधायचे. भिंतीवरचं कॅलेंडर मोठं करून बघा, महिना आणि कधीकधी वर्षही वाचता येतं. घराचं छप्पर कौलांचं आहे की पत्र्याचं, पडवीला ग्रिल लागलं होतं का, अंगणातलं कलम केवढं होतं, हे घरातल्यांना नेमकं आठवतं. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली पट्ट्यात ३ जून २०२० हा एक पक्का दुवा आहे. निसर्ग वादळाआधीची सुपारी-नारळाची बाग आणि नंतरची बाग फोटोत लगेच ओळखू येते.

गणपतीच्या फोटोंना तर पंचांगच मदत करतं. चतुर्थी २०१९ मध्ये २ सप्टेंबरला होती, २०२० मध्ये २२ ऑगस्टला, २०२१ मध्ये १० सप्टेंबरला, २०२२ मध्ये ३१ ऑगस्टला, २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. मूर्ती मखरात बसलेली आहे आणि फाइलवर ५ सप्टेंबर २०२१ अशी तारीख आहे, तर ती तारीख चूक. त्या दिवशी गणपती यायलाच पाच दिवस होते. कुणीतरी आदल्या वर्षीचा फोटो आठवण म्हणून पाठवलेला असणार.

नक्की दिवस कळत नसेल तर तो बनवू नका. वर्ष कळलं तर वर्षच लिहा आणि फोल्डरच्या नावात "अंदाजे" जोडा.

तपासा: सगळे फोटो "डेट टेकन"प्रमाणे लावून एकदा वरपासून खालपर्यंत नजर टाका. पावसाळ्यातले हिरवे मळे मे महिन्यात दिसतात का? मुलं मोठी होऊन पुन्हा लहान होतात का? तशी जागा दिसली की तिथे तारीख अजून चुकलेली आहे.

## टप्पा ४: दुबार आणि नको ते काढणे

आता पुसायला हरकत नाही, कारण मूळ संच डिस्कवर बाजूला आहे.

आधी तंतोतंत दुबार फाइल काढा. त्यानंतर डिजिकॅममधून "सारखे दिसणारे" शोधा. हा दुसरा शोध महत्त्वाचा, कारण कॅमेऱ्यातला मूळ फोटो आणि त्याची व्हॉट्सॲप प्रत या फाइल म्हणून वेगळ्या असतात. तंतोतंत शोधात सापडत नाहीत. जोडी सापडली की कुठला ठेवायचा? पिक्सेल आणि आकार बघा. मूळ फोटो साधारण ३ ते ६ एमबीचा असतो, व्हॉट्सॲप प्रत काहीशे केबीची आणि लांब बाजूला बहुधा १६०० पिक्सेलच्या आसपास. मोठा ठेवा. मोठा मिळतच नसेल तर लहान ठेवा, पण ज्याच्या फोनने काढला त्याच्याकडे एकदा मागून बघा.

सुप्रभात, दसऱ्याच्या शुभेच्छा, बातम्यांची कात्रणं, स्क्रीनशॉट हे सगळं जाऊ द्या. सातबारा, आधार कार्ड, पासबुक, औषधांच्या चिठ्ठ्या यांचे फोटो मात्र पुसू नका आणि या संग्रहात ठेवूही नका. ते "कागदपत्रं" नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये घ्या. कुटुंबाला वाटायच्या डिस्कवर ते जाता कामा नयेत.

एका प्रसंगाचे पंधरा फोटो असतील तर दोन-तीन चांगले ठेवा, असा सल्ला सगळे देतात. मी त्यात एक सवलत घेईन: ज्यात घरातली म्हातारी माणसं आहेत ते हललेले, अंधारे फोटोसुद्धा ठेवा. त्यांचे फोटो मुळातच कमी असतात, कारण फोन त्यांच्या हातात कधी नसतो आणि चुलीपुढचं माणूस समूहात उभं राहायला येत नाही.

सावधान: फोनवर गूगल फोटोजचा बॅकअप चालू असेल तर त्या ॲपमधून डिलीट केलेला फोटो फोनमधून आणि क्लाउडमधून (इंटरनेटवरच्या साठ्यातून), दोन्हीकडून जातो. बॅकअप झालेला फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो, नंतर परत मिळत नाही.

## टप्पा ५: फोल्डर

वर्षाचा एक फोल्डर, त्यात प्रसंगाचे. नाव तारखेपासून सुरू करा: वर्ष-महिना-दिवस, मग प्रसंग, मग जागा. "२०२३-०९-१९ गणपती, घर", "२०२४-०५-१२ आंबे काढणी, खालची बाग". कॉम्प्युटरवर हे आकडे इंग्रजी अंकांत लिहा, म्हणजे कॅमेऱ्याच्या फाइलांशी क्रम जुळतो. काही नावं देवनागरी अंकांत आणि काही इंग्रजीत असं झालं की क्रम विस्कटतो. एक आकडी महिन्याआधी शून्य लावायला विसरू नका, नाहीतर काही ठिकाणी ऑक्टोबर फेब्रुवारीच्या आधी येऊन बसतो.

माणसांच्या नावाचे फोल्डर करू नका. एका फोटोत आजी, काका आणि तीन नातवंडं असतात. तो कुणाच्या फोल्डरमध्ये टाकणार? मग चार प्रती होतात आणि चौथा टप्पा पुन्हा करावा लागतो. "नवीन", "नवीन २", "जुने" अशी नावंही नकोत.

## टप्पा ६: माणसांची नावं

तारीख नंतरही शोधता येते. नावं सांगणारी माणसं मात्र कायमची असणार नाहीत, म्हणून हा टप्पा पुढच्या वर्षावर ढकलू नका.

लॅपटॉप टीव्हीला जोडा, थोरांना समोर बसवा आणि एका बैठकीला थोडेच फोटो दाखवा. समूह फोटोत डावीकडून उजवीकडे, मागच्या रांगेपासून नावं लिहा. नुसतं "आक्का" किंवा "भाऊ" लिहून भागत नाही. प्रत्येक घरात एक भाऊ असतो. नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव आणि वाडी लिहा. बायकांचं माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही नावं लिहा. जुन्या पिढीत लग्नानंतर पहिलं नावही बदललेलं असायचं, आणि माहेरच्या अल्बममध्ये ती व्यक्ती वेगळ्याच नावाने सापडते.

हे डिजिकॅमच्या टॅगमध्ये आणि वर्णनात लिहा, युनिकोड मराठीत, म्हणजे मोबाइलवर मेसेजसाठी टाइप करतो तशा. छापखान्यातल्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या याद्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर अगम्य अक्षरं होऊन उघडतात. चेहरे ओळखण्याची सोय डिजिकॅममध्ये इंटरनेटशिवाय चालते. पण सख्ख्या भावांत आणि आई-मुलीत ती चुकते, म्हणून प्रत्येक सुचवणी स्वतः बघून मान्य करा.

## टप्पा ७: प्रती आणि त्यांची जागा

नियम जगभर एकच सांगितला जातो: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. कोकणात यातला शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. २२ जुलै २०२१ ला चिपळूण आणि महाडमध्ये घरं-दुकानं पाण्याखाली गेली तेव्हा एका कपाटातल्या दोन डिस्क आणि शेजारच्या घरातली तिसरी, यात काही फरक उरला नव्हता. राजापूरच्या बाजारपेठेत तर पाणी वरचेवर शिरतं. शेजारच्या वाडीत ठेवलेली प्रत ही घराबाहेरची प्रत धरू नका. मुंबई, पुणे, डोंबिवली, जिथे घरातलं माणूस आहे तिथे दुसरी डिस्क जाऊ द्या.

लावून झालेला संपूर्ण संग्रह आता दोन्ही डिस्कवर उतरवा. पहिल्या डिस्कवरचा "मूळ – हात लावू नये" फोल्डर किमान एक वर्ष तसाच राहू द्या.

घरातली डिस्क अशी ठेवा:

- सुकी, पुसलेली डिस्क आणि केबल हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. दर पावसाळ्याआधी पुड्या बदला. समुद्राजवळच्या घरात खारी हवा जोडणीच्या पिनांना गंज आणते, म्हणून केबलही डब्यातच हवी.
- जमिनीलगतच्या कपाटात नको, आणि थेट कौलांखालच्या माळ्यावरही नको. खाली पाणी, वर गळती आणि उन्हाळ्यातली धग. माजघरातलं भिंतीपासून सुटं, उंचावरचं फडताळ चांगलं.
- वर्षभर डबा बंद ठेवू नका. डिस्क निदान दोनदा जोडून चालवा.

क्लाउडचा उपयोग तिसऱ्या प्रतीसाठी करा. गूगलचे मोफत १५ जीबी मेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून आहेत. ४ एमबीचे साधारण पावणेचार हजार फोटो मावतील, तेही मेल रिकामी असेल तर. आयक्लाउडचे मोफत ५ जीबीच. पैसे भरायचे नसतील तर निवडक फोटो तिथे ठेवा. गावातल्या नेटवर अख्खा संग्रह चढवणं अवघड असेल तर दुसरी डिस्क घेऊन जाणाऱ्या मुंबईकराला तिकडून चढवायला सांगा. खात्याचा पासवर्ड आणि कुठल्या नंबरवर ओटीपी येतो हे घरातल्या दोघांना ठाऊक असलं पाहिजे.

## छापील फोटोंचं काय?

ते वेगळं काम आहे आणि वरचं संपल्यावरच हाती घ्या. चार गोष्टी मात्र आत्ताच सांगतो. स्कॅनिंग पावसाळ्यात करू नका. दमट फोटो काचेला चिकटतो. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, काचेसकट स्कॅन करा. नेहमीच्या आकाराच्या प्रिंटला स्कॅनरवर ६०० डीपीआय (दर इंचाला ६०० ठिपके) ठेवा. पाठीमागे काही लिहिलेलं असेल तर ती बाजूही स्कॅन करा, आणि फाइलची तारीख स्कॅनची राहू न देता मूळ फोटोची भरा.

## दरवर्षीची फेरी

गणपतीत नवे फोन "आवक"मध्ये, दिवाळीनंतर टप्पा ३ ते ६ फक्त नव्या फोटोंसाठी, शिमग्याला मुंबईची डिस्क गावी येते आणि ताजी होऊन परत जाते. आगोटीच्या आठवड्यात तिन्ही प्रतींमधून वेगवेगळ्या वर्षांचे दहा-दहा फोटो आणि एखादा व्हिडिओ उघडून बघा. डिस्क खरखर करत असेल, फाइल उघडायला फार वेळ लागत असेल, तर पाऊस सुरू व्हायच्या आत नवी घ्या आणि चांगल्या प्रतीवरून उतरवा. डिस्कवर कागदी चिठ्ठी लावू नका, दमट हवेत ती सुटून पडते. पक्क्या शाईच्या मार्करने थेट डिस्कवर लिहा: काय आहे, कोणत्या वर्षापर्यंतचं आहे, शेवटचं कधी तपासलं आणि दुसरी प्रत कुणाकडे आहे.